सात गाण्यांचं मयत

माणसानं जगायचं तर नीट जगावं आणि मरायचं तर गप मरावं. शांतलिंगअप्पा दोन्हीला तयार नव्हते, आणि प्रेमाबाईंची तक्रार एवढीच होती. पायावर सूज, ओसरीवरून न्हाणीपर्यंत गेलं तरी भात्यासारखा श्वास, रात्री उशांची चळत लावून बसल्या बसल्या झोप, आणि असा माणूस सकाळी खुर्चीत डोळे मिटून, हवेत बोट नाचवत विचारायचा, "अमरच्या आई, पळून जायचं गाणं बँडवर घ्यावं का सनईवर?"

"कुठं पळून चाललाव?"

"मयताला. घरातून निघताना वाजवायचं."

दुसरी एखादी बाई तोंडाला पदर लावून आत गेली असती. प्रेमाबाई आत गेल्या, पण पातेलं आपटायला. आणि तेही हळूच आपटावं लागलं, ह्याचं दुःख वेगळंच होतं.

त्याचं असं झालं होतं. सोलापूरचे एक डॉक्टर ठरलेल्या वारी धाराशिवला येऊन पेशंट तपासत. त्यांनी अप्पांच्या काळजाचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, की आतला एक व्हॉल्व्ह आकसून गेलाय, तो बदलावा लागेल. बदलला तर बरीच वर्षं निघतील. नाही बदलला तर हा उन्हाळा निघेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. इथपर्यंत प्रेमाबाईंना सगळं समजलं होतं. पण उठता उठता डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले आणि त्या वाक्यानं घरातलं राज्य उलथलं. "आजी, त्यांना टेन्शन देऊ नका. मनाविरुद्ध काही करू नका."

प्रेमाबाई तिसरी पास. लग्न झाल्यापासून त्यांनी अप्पांच्या मनासारखं काही केलं असेल, तर ते चुकून. संसार त्यांनी जिभेवर चालवला होता. घर त्या जिभेनं बांधलं, पोराला शिक्षक त्या जिभेनं केलं, भावकीतली वाटणी त्या जिभेनं सरळ करून घेतली. ती जीभ आता दातांमागं कोंडून ठेवायची म्हणजे राखणीच्या कुत्र्याला दूधभात घालून झोप म्हणण्यासारखं होतं. आणि अप्पांनी हे ओळखलं. भांडणात आयुष्यभर हरलेल्या माणसाला डॉक्टरनंच ढाल दिली. प्रेमाबाईंनी जरा आवाज चढवला की ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "टेन्शन."

ऑपरेशनला मात्र त्यांची साफ ना होती. नोकरी सगळी पाणीपुरवठ्यात गेलेली, व्हॉल्व्हमन म्हणून. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, हे त्यांच्या खांद्यावरच्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं. उन्हाळ्यात तर मोठमोठ्या साहेबांपेक्षा त्यांना नमस्कार जास्त पडत. त्यामुळं व्हॉल्व्ह ह्या विषयावर त्यांना सोलापूरच्या माणसानं काही सांगावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

"म्या जन्मभर व्हॉल्व्ह बदलले," ते म्हणायचे. "बदललेला व्हॉल्व्ह धड बसत न्हाय. कुठूनतरी झिरपतोच. जुना हाय तो हाय, थोडं का व्हईना सोडतोय. उगं खड्डा खांदून ठेवायचा आन् मग लाइनच बंद."

"ते काळीज हाय. पाइपलाइन न्हाय."

"दाब दोन्हीकडं सारखाच."

मग प्रेमाबाई काही बोलायला जायच्या आणि छातीवर हात जायचा.

आता ती गाणी. येरमाळ्याच्या यात्रेत, अप्पांचं नवीन लग्न झालेलं असताना, तंबूत एक पिक्चर लागलं होतं. नायक नावाडी, नायिका जमीनदाराची लेक, मधे एक मिशावाला, आणि शेवटी सगळे पाण्यात. प्रेमाबाईंना ते एकदाच बघायला मिळालं. अप्पांनी यात्रा उठेपर्यंत रोज बघितलं. सात गाणी होती. त्यांचे शब्द अप्पांना कधी नीट आले नाहीत, म्हणून ते गाण्यांना जागेवरून ओळखायचे: बोटीतलं, रुसव्याचं, पळून जायचं, मिशावाल्याच्या अड्ड्यावरचं, विरहाचं, लग्नातलं, आणि बुडायचं. व्हॉल्व्ह उघडायला सायकलवर निघाले की ह्यातलं एखादं तोंडात असायचं. त्यामुळं गल्लीला पाणी यायच्या आधी गाणं यायचं, आणि बाया गाण्यावरनं घागरी काढायच्या.

आजारपणात बसून बसून त्यांनी एक नवं खूळ काढलं. हेच गाणं भजनात कसं वाजेल? हेच हलगीवर? हेच कव्वालीत? "गाणं म्हंजे पाणी," ते सांगायचे. "हौदातलं घेतलं की निराळं लागतंय, माठातलं निराळं. पाणी तेच." सुरुवातीला ही करमणूक होती. विरहाचं गाणं ते हलगीच्या ठेक्यात खुर्चीच्या हातावर वाजवायचे आणि स्वतःच मान डोलवायचे. विरह हळू वाजवला की लोक रडत बसतात, हलगीवर घेतला की पाय उचलतात, असा त्यांचा शोध होता. पण हा सगळा साठा वापरायचा कुठं? लग्नाचं वय झालेलं कुणी घरात नव्हतं. उरलेलं एकच कार्य त्यांना दिसत होतं, आणि त्याचे यजमान ते स्वतः होते.

प्रेमाबाईंनी लातूरला अमरनाथला फोन लावला. अमरनाथ तिथं शाळेत शिकवायचा, आणि शिक्षकाची सख्ख्या आईलाही वर्गात बसवून बोलायची खोड त्याला लागली होती. "आई, त्यांना त्यात आनंद वाटतोय ना? मग वाटू दे. ऑपरेशनचं मी हळूहळू समजावतो."

"हळूहळू कवा? त्यांचं काळीज तुझ्या शाळेच्या सुट्ट्या बघून चालत न्हाय."

"आई, टेन्शन देऊ नको म्हणालेत डॉक्टर."

प्रेमाबाईंनी फोन ठेवला. त्या डॉक्टरला पुन्हा गाठून त्याचं वाक्य त्याच्या खिशात परत घालावं, असं त्यांना फार वाटलं.

खुळाला गल्लीत गिऱ्हाईक मिळालं नसतं, तर ते ओसरीवरच मेलं असतं. पण समोर हिंमतराव राहत होते. सहकार खात्यातून निवृत्त झालेले. जगात जे काही होतं ते ठराव करून होतं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी अप्पांची कल्पना ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अप्पा, कल्पना चांगली. पण नियोजन पाहिजे. आपल्याकडं माणूस मेल्यावर सगळी घाई होते आणि कामं ढिसाळ होतात." तेवढं बोलून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी ते शंभू बँडवाल्यालाच घेऊन आले.

शंभू मनानं चांगला माणूस. त्याच्या बापाचं घर चढावर होतं आणि अप्पांनी त्या गल्लीला कधी तहानलेलं ठेवलं नव्हतं, म्हणून तो आदरानं पायरीवरच बसला. सातही गाणी मोबाइलवर ऐकून त्यानं सांगितलं की पळून जायचं आणि बोटीतलं बँडवर झकास बसेल, विरहाचं हलगीवर होईल, लग्नातल्याला संबळ घेऊ. "बुडायचं मातर अप्पा सनईवरच घ्या. बँडवर ते भरतीच्या कवायतीवानी वाटंल."

प्रेमाबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. घरात लग्न ठरवायला माणसं बसावीत तशी माणसं बसली होती आणि त्यांना चहा विचारणं भाग होतं. आपल्या नवऱ्याच्या मयताच्या बैठकीला आपणच आलं घातलेला चहा करतोय, ह्याचा त्यांना इतका राग आला की आलं जास्तच पडलं. सगळ्यांनी चहाची तारीफ केली.

अड्ड्यावरच्या गाण्याला सिद्धाराम स्वामी लागले. स्वामी मठातल्या भजनी मंडळाचे प्रमुख, आणि सिनेमाच्या चालीवर भजनं बसवणं ही मंडळाची जुनीच रीत. निम्मी भजनं कुठल्या ना कुठल्या नायिकेची उसनवारी होती. पण मिशावाल्याच्या अड्ड्यावर, दारूच्या पिंपावर पाय ठेवून म्हटलेलं गाणं आजवर कुणी देवापुढं नेलं नव्हतं. स्वामींनी दारूच्या जागी तीर्थ घातलं, पिंपाच्या जागी पिंड आणली, नाचणारीच्या जागी संत अक्कमहादेवी येईना म्हणून ती ओळच काढून टाकली. पहिल्याच सरावाला मंडळातले सर्वात वयस्क, सर्वात सोवळे गृहस्थ टाळ खाली ठेवून उठले आणि कमरेवर हात ठेवून अशा काही गिरक्या घेऊ लागले, की त्यांचं तरुणपण कुठल्या थेटरात गेलं असावं ह्याचा मंडळाला उलगडा झाला. त्यांच्या सुनेनं प्रेमाबाईंशी बोलणं टाकलं. प्रेमाबाईंचा ह्यात काय गुन्हा, ते कुणी सांगेना.

रुसव्याच्या गाण्याला उरुसात गाणारे एक म्हातारे कव्वाल स्वतः होऊन आले. "अप्पा, तुम हमारे गल्ली कू पानी छोडे. हम तुमारे वास्ते गाते," ते म्हणाले. "मगर मय्यत के सामने ताली कैसा बजाना? लोकां क्या बोलेंगे?" ह्यावर बरीच चर्चा झाली. हिंमतरावांनी मधला मार्ग काढला, की टाळी धरायची पण तळहात भिडू द्यायचे नाहीत. म्हाताऱ्यांनी तसं करून दाखवलं. ते डास हाकलल्यासारखं दिसलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ते हिंमतराव कसले. गल्लीतून सगळी वाद्यं घेऊन एकदा सराव करायचा तर परवानगी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते अप्पांना रिक्षात घालून ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या हवालदारानं सांगितलं की मयताला परवानगी लागत नाही.

"पण हे मयत नाही," हिंमतराव म्हणाले. "मयताचा सराव आहे."

"मग मिरवणूक झाली. निमित्त काय लिवू?"

"ह्यांचा अंत्यविधी."

हवालदारानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी नमस्कार केला. "मूळ कार्यक्रमाची तारीख?"

"ती कशी सांगणार?"

"अंदाजे टाका. पुढं बदलता येईल. रकाना मोकळा सोडता येत न्हाय."

ह्या रकान्यानं घरी परत आल्यावरही छळलं. हिंमतरावांच्या मते मृगात नको, कारण गावाकडची, बेंबळीची भावकी पेरणीत असते, मयताला निम्मेच येतील. दिवाळीत नको. गौरी-गणपतीत तर कुणाचं मन लागत नाही. सोयाबीन घरात आल्यावर, हवा जरा गार झाल्यावर, असा मुहूर्त सगळ्यांच्या सोयीचा दिसत होता. अप्पा त्याला राजी होते. "तवर टिकलो म्हंजे झालं," ते म्हणाले, आणि ह्यात काही चुकीचं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. प्रेमाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांच्या सुपातून त्या दिवशी चांगले दाणेच जास्त फेकले गेले.

गल्लीला मात्र रंग चढला होता. भाजीवाली विचारायची, "मावशी, तुमच्याकडचं कार्य कवा हाय?" मंडपवाल्याचा फोन यायचा, की मयताच्या मखराला फुलं खरी लावायची का कापडी, कारण खऱ्या फुलांचं आधी सांगावं लागतं. अप्पांनी तेरखेड्याहून फटाक्यांचं पोतं मागवलं. ते त्यांच्याच खाटेखाली ठेवलेलं प्रेमाबाईंना झाडताना सापडलं. ज्या माणसाच्या खोलीत डॉक्टरनं उदबत्तीसुद्धा लावू नका म्हणून सांगितलं, तो माणूस दारूगोळ्यावर झोपला होता. त्यांनी पोतं ओढत न्हाणीत नेलं आणि त्यावर भरलेली घागर पालथी केली. अप्पांना सांगितलं, पाणी सांडलं.

कळस केला तो हिंमतरावांच्या कमलबाईंनी. त्या मायेनं येऊन टेकल्या आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. पण त्या दिवशी तुम्ही कोणती साडी नेसणार? लई माणूस जमंल. मोबाइलवर फोटो काढत्यात आजकाल."

प्रेमाबाईंनी त्यांच्याकडं इतका वेळ बघितलं, की कमलबाई चहा न घेता उठल्या.

मरणाची भीती प्रेमाबाईंना नव्हती. सासू, सासरा, थोरला दीर, सगळ्यांना त्यांनी ह्याच ओसरीवरून बाहेर जाताना बघितलं होतं. त्यांना चीड होती ती ह्याची, की अख्खी गल्ली अप्पांना पोचवायला कमरेला पदर खोचून उभी होती, आणि त्यांना ठेवून घ्यायला एकट्या त्या. बँडला माणूस होता, भजनाला होता, टाळी न वाजवता टाळी द्यायलासुद्धा माणूस होता. सोलापूरला चला म्हणायला कुणी नव्हतं.

डॉक्टरांचा धाराशिवचा वार आला. अप्पा म्हणाले, "माझं तिथं काय काम? फोटोची पिशवी घेऊन तूच जा." प्रेमाबाई एकट्या गेल्या. दवाखान्यात बाकावर बसून राहिल्या, नंबर आल्यावर आत गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शिकलेल्या माणसापुढं त्यांनी आवाज न चढवता विनंती केली. डॉक्टरांनी फोन करून सोलापूरला जागा धरली. येत्या सोमवारी दाखल व्हायचं. "पण आजी, ते तयार आहेत ना?"

"आणते," प्रेमाबाई म्हणाल्या.

इकडं घरी काय चाललं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. ठेका कसा धरायचा, ही शंभूची अडचण खरी होती. बँडचा ठेका हा खांदेकऱ्यांच्या पावलावर असतो, आणि पाऊल असतं विमानाच्या वजनावर. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. कपाळाला विभूती लावून, फुलांच्या मखरात मांडी घालून बसवतात आणि तसाच बसलेला नेतात. त्या मखराला म्हणतात विमान. मंडपवाल्यानं विमान आणून दिलं, खांदेकरी जमले, त्यात ज्वारीचं पोतं ठेवून बघितलं, पण पोतं काही ताठ बसेना. ते कलंडायचं आणि ठेका चुकायचा. शेवटी अप्पा म्हणाले, "सरका. म्याच बसतो."

विभूती त्यांच्या कपाळाला रोजच असायची. शाल होती. ते मांडी घालून बसले, डोळे मिटले, आणि बँडनं बोटीतलं गाणं सुरू केलं, पावलं जुळेपर्यंत पहिली दोन कडवीच पुन्हा पुन्हा. इतकी वर्षं डोक्यात वाजत होतं ते पहिल्यांदा कानावर आलं. ते ऐकताना अप्पांना ना गल्ली उरली, ना श्वास, ना सूज.

आता रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसावं? विमान, विभूती, बँड, आणि आत डोळे मिटून बसलेले शांतलिंगअप्पा. दुधवाल्यानं दुधाचं कॅन खाली ठेवून हात जोडले. कुणीतरी बेंबळीला फोन केला. तिथं भावकी अर्धी तयारच होती. जीप भरून माणसं आली ती रडतच उतरली. हार पडायला लागले, एकावर एक, अगदी हनुवटीपर्यंत. लोक पायावर डोकं ठेवून बाजूला होत होते. अप्पांना वाटलं सरावाचाच भाग असावा. शंभूला वाटलं हिंमतरावांचं नियोजन आहे. हिंमतराव बाजारात फुलांची चौकशी करायला गेले होते.

प्रेमाबाईंच्या रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच गाडी थांबवली. "मावशी, पुढं मयत हाय. हितंच उतरता का?"

माणसं दिसायच्या आधी त्यांना गाणं ऐकू आलं. बोटीतलं.

ह्या गाण्याचं प्रेमाबाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. येरमाळ्याच्या तंबूत मधे कनात असायची. एकीकडं बाया, एकीकडं पुरुष. लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवऱ्याचा चेहरा त्यांनी अजून धड बघितला नव्हता. बोटीतल्या गाण्यात, दुसरं कडवं संपता संपता जनरेटर बंद पडला आणि सगळा तंबू काळोखात गेला. लोक ओरडायला लागले, पोरं रडायला लागली, प्रेमाबाई पळायला उठल्या. आणि कनातीच्या पलीकडून कुणीतरी तेच गाणं पुढं गुणगुणायला लागलं. मोठ्यानं नाही. मी इथं आहे, एवढं कळण्यापुरतं. उजेड येईपर्यंत.

त्यांनी गर्दीतून वाट काढली. विमानात नवरा बसला होता. प्रेमाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. हातातली पिशवी खाली पडली आणि काळजाचा फोटो धुळीत सरकला. तेवढ्यात, मयत खरंच समजून, कमलबाईंनी येऊन त्यांचं मनगट धरलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. हिरव्या बांगड्या फुटल्या. प्रेमाबाईंच्या घरात ही रीत नव्हती. त्यांच्या सासूनं सासऱ्यामागं बांगड्या घातल्या होत्या. पण ते सांगायला तोंड उघडेना. ज्या जिभेपुढं अख्खी भावकी वचकून असायची, ती टाळ्याला चिकटून बसली होती.

बँड दुसऱ्या कडव्यावरून तिसऱ्यावर गेला, आणि विमानातून आवाज आला. "थांब, थांब शंभू. हितं थांबायचं सांगितलं व्हतं तुला."

बँड थांबला. गल्लीही थांबली.

"अप्पा, पिक्चरात हितं थांबत न्हाईत," शंभू म्हणाला. "म्या मोबाइलवर धा बार ऐकलंय. सरळ पुढचं कडवं हाय."

"पिक्चरात नसंल. तंबूत हाय. हितं अंधार व्हतो." अप्पांनी डोळे उघडले, हार बाजूला सारले आणि समोर बेंबळीची सगळी भावकी बघून म्हणाले, "तुमी कवा आलाव?"

ह्यानंतर जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. एक चुलतसासू चक्कर येऊन पडली. एक चुलत दीर, जो सर्वात मोठ्यानं रडत होता, तो सर्वात जास्त चिडला. फवारणी अर्धी टाकून आलो म्हणाला, निदान खात्री करून तरी फोन करावा. हिंमतराव फुलांचा भाव विचारून परत आले आणि पहिला प्रश्न त्यांनी हा केला, की परवानगी आलेली नसताना सुरू कसं केलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कमलबाईंनी मोठ्या पातेल्यात पिठलं टाकलं होतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून सगळ्यांनी ओसरीवर पंगत धरून स्वतःच्या घरचं समजून खाल्लं. अप्पांनी दोनदा घेतलं.

प्रेमाबाई जेवल्या नाहीत. त्यांनी ओट्याखालच्या काचा वेचल्या, फोटोवरची धूळ पदरानं पुसली, आलेल्यांना पाणी दिलं. कुणी काही बोललं तर हं म्हणाल्या. कमलबाई दोनदा माफी मागायला आल्या आणि दोनदा त्यांच्या मनगटाकडं बघून परत गेल्या.

दिवस कलला. जीप गेली, विमान टेम्पोत चढलं, ओसरीवर झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल उरला. अप्पा खुर्चीत बसले होते. चेहरा थकलेला, ओठ जरासे निळे, पण समाधानी. प्रेमाबाई पायरीवर टेकल्या. एका हातात बांगड्या, दुसरा भुंडा.

"सोमवारी सोलापूरला जागा धरलीय," त्या म्हणाल्या.

अप्पांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. "बोटीतलं. बँडवर."

प्रेमाबाईंनी पायरीला चिकटलेली झेंडूची पाकळी नखानं खरवडली.

"शंभू थांबला असता तर लई बेस झालं असतं. पन तुला त्यातलं काय कळणार. तुला गाण्याचा कान न्हाय." हे ते प्रेमानंच म्हणाले.

प्रेमाबाईंनी मान वर केली. अप्पांचा हात सवयीनं छातीकडं निघाला.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या, आणि हात खाली गेला. "डाक्टरचं म्या आजपतूर ऐकलं. आता तुम्ही ऐका. सात गाणी व्हती. सातबी तुम्ही मयताला लावली. उद्या कुणाच्या लग्नात बँड वाजला तरी माझ्या डोळ्याम्होरं ते फुलांचं इमान येणार. हे सगळं कुनासाठी बसवायलाव? तुम्ही तर नसणार. गल्ली दोन दिस तारीफ करंल आन् नळाला पाणी आलं की इसरंल. मागं ऐकत बसायची म्या."

"शंभूला सांगून जरा हळू—"

"शंभूचं नाव काढू नका. तुम्ही अंधारात पलीकडून गायलाव, तवा म्या अलीकडं व्हते. कान नसता तर तंबूतून पळाले असते." त्यांनी भुंडा हात पदराखाली घेतला. "माझा निवाडा ऐका, परत सांगणार न्हाय. सोमवारी सोलापूरला जायचं. तिथं टेबलावर तुमचं काय बरंवाईट झालं, तर बँड लावते, हलगी लावते, त्या म्हाताऱ्या बाबाला टाळ्या वाजवून कव्वाली म्हणाया लावते. बोटीतलं तेवढं न्हाय. ते माझं हाय. आन् तिथं न जाता हितं खुर्चीत बसून गेलात, तर मुक्यानं नेईन. सिद्धाराम स्वामी दारात आले तरी त्यांच्या हातातला टाळ म्या काढून घेईन, आन् त्याची किणकिणसुदीक व्हऊ देणार न्हाय."